शेऱ्याचा रकाना

पाच बावन्न म्हणजे पाच बावन्न. पाच त्रेपन्नला मी धापा टाकत बिल्डिंगखाली पोचले, तेव्हा पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी वळताना दिसले. मी हात केला, हाक मारली, शारजाच्या त्या रस्त्यावर भल्या सकाळी मराठीत बोंब ठोकली. गाडी गेली. नोकरीचा माझा तो दुसरा दिवस. टॅक्सीला शंभर दिरहम मोजले, म्हणजे तेवीसशे रुपये झाले हो, आणि दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात पोचले ती डोक्यात राख घालूनच.

गाडीवाले गृहस्थ आपल्या टेबलाशी शांतपणे पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

"एक मिनिट थांबता येत नव्हतं का हो?" मी विचारलं.

"ताई, मी पाच बावन्न सांगितलं होतं. त्रेपन्नला निघालो असतो तर खोटा पडलो असतो."

"एका मिनिटाने?"

"खोटं एका मिनिटाचंच असतं," ते म्हणाले. "पुढे त्याची सवय होते."

आता बोला! दुसऱ्या दिवशी मी पाच पंचेचाळीसलाच खाली जाऊन उभी राहिले. गाडी आली, दार आतून उघडलं गेलं, आणि अत्यंत अदबीने ते म्हणाले, "या. आज गाडी वेळेवर आहे." जसं काही आदल्या दिवशी ती माझ्यामुळे लेट झाली होती!

आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणायचो. आम्ही म्हणजे त्या गाडीतले तीन उतारू: मी, केरळचा एक इंजिनिअर आणि पेशावरचा एक ड्राफ्ट्समन. चौघं एकाच कंपनीत, चौघं राहायला शारजात, कारण दुबईची भाडी ऐकूनच आमच्यासारख्यांना घाम फुटतो. गार्डसाहेब आम्हाला नेत-आणत. पेट्रोल आळीपाळीने भरायचं, बाकी हिशेब नाही. मात्र ती मोटार आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. जागा ठरलेल्या. माझी मागची, डावी खिडकी. डबा उघडायचा तर विमानतळ मागे पडल्यावर. निघताना ते हिंदीत जाहीर करत, "गाड़ी अपने सही समय पर चल रही है," आणि पुढच्या सिग्नलवर आम्ही तासभर अडकलो की तितक्याच गांभीर्याने म्हणत, "लाइन क्लियर नहीं है." हॉर्न त्यांनी वाजवलेला मी कधी ऐकला नाही. आजूबाजूला शंभर मोटारी केकाटत असायच्या आणि मध्ये आमचा हा मौनी डबा.

कंपनी बांधकामाची कंत्राटं घेते. गार्डसाहेब डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे ऑफिसात येणारा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र त्यांच्या हातून नंबर घेऊनच पुढे जायचं. मी एचआरमध्ये, लोकांचे व्हिसे काढायचे, वाढवायचे, आणि वेळ आली की रद्द करायचे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तेच माझ्या जिवावर आलं.

ते रत्नागिरीकडचे. कोकणी मुसलमानांचं घर, वडील जहाजावर, मागे काजूची बाग. ते शाळेत असताना त्या बागेत रेल्वेच्या मोजणीवाल्यांनी लाल टोकाच्या खुंट्या मारल्या होत्या. गाडी येणार, गाडी येणार! हा पोरगा शाळा सुटली की त्या खुंट्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा, पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत पळत जायचा आणि तोंडाने शिट्टी घालायचा. खुंट्या कुजल्या, नव्या मारल्या, त्याही कुजल्या. गावात गाडी काही आली नाही. पोरगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आखातातली नोकरी आली आणि तो विमानात बसला. त्यानंतर वर्षाच्या आत गाडी आली, थेट बागेतून. बायकोने पत्र पाठवलं. त्यात बाकीची खुशाली खाली लिहिलेली, वर पहिली ओळ: "गाडी आली. ओसरीवरून दिसते."

"माझं आयुष्यभर हेच झालं, ताई," ते एकदा म्हणाले. "मी निघालो की गाडी येते."

आणि आले कुठे, तर जिथे औषधालासुद्धा रूळ नव्हता अशा देशात. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता, क्रिकेट नाहीतर सोनं-नाणं असलं काहीतरी धरलं असतं. यांनी झुरिक धरलं.

झालं असं, की स्वित्झर्लंडातल्या कुणा हौशी माणसाने आपल्या खिडकीत कॅमेरा लावून ठेवला आहे. समोर झुरिकचं मोठं स्टेशन. छप्पर संपून प्लॅटफॉर्म जिथे उघड्यावर येतात तो भाग चोवीस तास इंटरनेटवर दिसतो. आवाज नाही, नुसतं चित्र. गार्डसाहेबांच्या ऑफिसातल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत, ते स्टेशन वर्षानुवर्षं चालू होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, काचेला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि त्या चौकटीत पाऊस पडतोय. लाल इंजिनं पावसातून येतात, थांबतात, माणसं उतरतात, छत्र्या उघडतात, जातात. कुणाचाही आवाज नाही. मी पगाराच्या सर्टिफिकेटवर सही घ्यायला जायची आणि तिथेच उभी राहायची. पाच मिनिटं गेली तरी कळायचं नाही. स्वप्नात गाव दिसावं आणि आपल्याला तिथे कुणी ओळखू नये, तसं काहीतरी व्हायचं.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर आम्ही ट्रॅफिकमध्ये रुतलो की ते ऑफिसातून निघताना चौकटीत पाहिलेलं सांगायला लागत. डोळे रस्त्यावर, आवाज एकदम हळू. "उस वक़्त वहाँ साढ़े चार बजे थे. तीन नंबर पे गाड़ी लगी है. लोग ऑफिस से छूटे हैं. एक औरत के हाथ में फूल हैं." पेशावरचा गडी डोळे मिटून घ्यायचा. केरळचा इंजिनिअर विचारायचा, "कौन से फूल?" आणि गार्डसाहेब म्हणत, "उतना नहीं दिखता." दुसरा असता तर गुलाब म्हणून मोकळा झाला असता.

कारण त्यांचा नियमच होता: न पाहिलेलं लिहायचं नाही. त्यांच्याकडे लाल पाठीच्या जाड वह्या होत्या. पट्टीने आखलेले रकाने, मराठी शाळेत घटवलेलं वळणदार अक्षर. वेळ. दिशा. इंजिनाचा नंबर. डबे. आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सहसा काही नसायचं. फार तर "धुकं" किंवा "दोन मिनिटं लेट". नंबर नीट दिसला नाही तर ते फुली मारत. अंदाजाने आकडा टाकला, असं एकदाही नाही. मी चिडवायची, "अहो, कोण तपासायला येणार आहे?" तर म्हणत, "मीच."

झुरिकला जायचं त्यांच्या फार मनात होतं. दोनदा अर्ज केला, दोनदा व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्या वेळी मी स्वतः कागद तयार करून दिले होते, कंपनीचं पत्र, बँकेचे कागद, सगळं चोख. नाकारलं कसं म्हणून मी त्यांच्या फॉर्मची कॉपी मागवून बघितली, तर येण्याचा उद्देश या ठिकाणी मी टाकलेलं "पर्यटन" खोडून साहेबांनी सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, "स्टेशन पाहणे. चार दिवस." राहण्याचं ठिकाण स्टेशनसमोर. बघण्याची स्थळं, स्टेशन. परतीच्या आधी कुठे जाणार, स्टेशन.

"अहो, एक धबधबा लिहायचा होता की!" मी कपाळावर हात मारला.

"धबधब्याला मी जाणार नव्हतो."

असा माणूस. रागवायचं तरी कसं? मला हसू आलं आणि मग रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हीच झुरिकला निघालो. मी, नवरा आणि आमची बारा वर्षांची मुलगी. साध्या टूरिस्टांना व्हिसा पटकन मिळतो, धबधबे लिहिले की झालं. गार्डसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी मला पेन्सिलीने काढलेला नकाशा आणून दिला. कुठल्या जिन्याने चढायचं, छपराच्या बाहेर प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकापर्यंत किती पावलं चालायचं. दहा बत्तीसला एक जुनं लाल इंजिन येतं. ती जात आता मोडीत काढताहेत, पुढच्या वर्षी असेल-नसेल. "एक फोटो आणा. इंजिनाच्या कपाळावर नंबर असतो, तो स्पष्ट यायला हवा. एवढंच."

मी म्हटलं, एक काय, चाळीस आणते. आणि आणले की चाळीस! परत आल्यावर मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे फोन धरला. ते एकेक फोटो सरकवत गेले. पहिल्यात इंजिनापुढे माझी मुलगी, दोन बोटं वर करून. दुसऱ्यात मी, गॉगल लावून. तिसऱ्यात नवरा, पोपटी टी-शर्टात, कंबरेवर हात ठेवून. चौथ्यात आम्ही तिघं, कुणा जपानी बाईला विनंती करून काढून घेतलेला. आपल्या लोकांची रीतच ती; ताजमहाल असो की इंजिन, पुढे आपलं माणूस उभं केल्याशिवाय आपण फोटो काढतो कुठे? चाळीसच्या चाळीस फोटोंत नंबराच्या पुढे आमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं डोकं होतं. बहुतेक वेळा नवऱ्याचं.

मी बघत होते, त्यांचा चेहरा कसाही होत नव्हता. चाळीसावा फोटो पाहून त्यांनी फोन दोन्ही हातांनी परत दिला.

"साहेबांचा शर्ट छान आहे," ते म्हणाले.

घरी येऊन मी नवऱ्याला तो शर्ट कपाटातून काढून दाखवला आणि यथेच्छ बोलले. मुलगी म्हणाली, "ममा, बट व्हाय डझ अंकल नीड अ नंबर? ही कॅन सी इट्स अ ट्रेन."

या देशातही तोवर रूळ पडले होते. दुबईची मेट्रो ते जमेस धरत नव्हते; जिला ड्रायव्हर नाही ती गाडी कसली, म्हणत. आधी पलीकडे रुवैसच्या बाजूला, मालगाडीचे. मी यायच्या आधी कंपनीने गार्डसाहेबांना काही वर्षं रुवैसला पाठवलं होतं. रिफायनरीच्या त्या रुक्ष गावाला जायला लोक नाकं मुरडायचे, हे उड्या मारत गेले. पुढे रूळ शारजाच्या वाळवंटातूनही गेले, धैदच्या पुढे, डोंगरातल्या खडीच्या खाणींपर्यंत. मग दर शनिवारी दुपारी त्यांची पांढरी गाडी तिकडे निघायची. दोन-तीनदा मीही गेले. डांबरी रस्ता सोडून थोडं आत, वाळूचं एक टेकाड. समोर कुंपण, कुंपणापलीकडे रूळ, आणि उंटांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून रुळांखालून काढलेला बोगदा. घडीची खुर्ची, थर्मासात सुलेमानी चहा, मांडीवर वही.

कॅमेरा गाडीच्या डिकीत. लांब नळीचा, सहा हजार दिरहमचा, म्हणजे जवळजवळ दीड लाखाचा! तो ते दर शनिवारी पुसून, पिशवीत घालून बरोबर आणत आणि डिकीतच ठेवत.

"इथे रुळांचे, कारखान्यांचे फोटो काढलेले चालत नाहीत. आपण पाहुणे आहोत," ते म्हणत. "स्टेशन होईल, प्रवासी गाडी येईल, तेव्हा प्लॅटफॉर्मवरून सगळेच काढतील. तेव्हा मीही काढीन."

"मग आत्ता आणता कशाला?"

"त्यालाही वारा लागू दे."

आम्ही बसायचो. काही नसायचं. वाळू, एखादं गाफचं झाड, लांबवर दोन उंट. दुपारच्या उन्हात जमीन आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसली जायची आणि मग त्या पुसलेल्या जागेतून काहीतरी हलायला लागायचं. आवाज नंतर. आधी नुसती एक गडद ओळ, हवेत तरंगणारी. ती जवळ येता येता गाडी व्हायची. खडीने भरलेले डबे, एकामागून एक, संपतच नाहीत असे. बोगद्यापाशी उंट माना वर करून बघायचे. गार्डसाहेब उठून उभे राहायचे आणि उजवा हात वर करायचे. गाडी निघून गेली, तिचा आवाज निघून गेला, रूळ पुन्हा पहिल्यासारखे गप्प झाले, तरी तो हात जरा वेळ वरच असायचा.

"कुणी करतं का हो उलट हात?"

"मालगाडीला खिडक्या नसतात, ताई. पण आपण करायचा. रीत आहे."

प्रवासी गाडीच्या बातम्या यायला लागल्या तसा माणूस बदलला. वर्तमानपत्रातली कात्रणं कापायला लागला. खिडक्या केवढ्या असतील, सीट कशी असेल, हे आम्हाला ट्रॅफिकमध्ये ऐकावं लागायचं. झुरिकची चौकट स्क्रीनवरून बंद झाली नाही, पण लहान झाली. ही गाडी त्यांच्या त्या टेकाडासमोरून जाणार होती. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं: पहिल्या आठवड्यात तिकीट काढायचं, खिडकीशी बसायचं, आणि टेकाड आलं की आतून बघायचं, की बाहेर हात करणारा माणूस गाडीतून दिसतो तरी कसा.

आणि त्याच वर्षी त्यांचा व्हिसा संपत आला. साठी कधीच उलटली होती. कंपनीने दोनदा मुदत वाढवली होती. तिसऱ्यांदा फाइल घेऊन मी लेबनीज मॅनेजरकडे गेले. सहा महिने मागितले. तो वाईट माणूस नव्हता. फाइल बंद करून म्हणाला, "हबीबी, तीन महिने. देन खलास."

तीन महिन्यांत गाडी सुरू होईल की नाही कुणालाच माहीत नव्हतं. बातम्यांत "लवकरच" होतं, आणि लवकरचला तारीख नसते. एके दिवशी लंचमध्ये गार्डसाहेब माझ्या केबिनमध्ये आले. दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"ताई, गाडी सुरू होईपर्यंत माझं नाव इथे राहील असं काही बघा. एकदा बसतो. मग कॅन्सलेशनवर सही करायला मी स्वतः येतो."

मी रात्रभर विचार करून ठेवलाच होता. माझ्या हातात एक वाट होती आणि ती मी त्यांच्यापुढे मांडली. आजारपणाची रजा दाखवायची. डॉक्टरचा कागद मिळवता येतो, कंपनी आजारी माणसाला लगेच काढत नाही, चार-पाच महिने सहज निघतील. कुणाचं काही जात नाही.

"पण मी आजारी नाही," ते म्हणाले.

"कागदावर असाल हो! कागदावर कोण बघतंय?"

ते हसले.

"मग गाडीतही मी कागदावरच बसल्यासारखा होईन, ताई."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! माझ्या नोकरीवर बेतेल असं काम मी करायला निघाले होते आणि हा माणूस तत्त्व सांगत होता. मी म्हटलं, "तुम्हाला गाडी हवी आहे की नाही?" म्हणाले, "हवी आहे. फार हवी आहे." मी खाली बघितलं. कॅन्सलेशनचा फॉर्म मी भरला, माझ्याच हाताने, त्यांच्या आवडत्या टोकदार पेन्सिलीने आधी आणि मग पेनाने. नंतर व्हिजिटवर या, असंही सुचवलं. ते "इन्शाल्ला" म्हणाले. पण गावी बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तिला आता एकटं सोडता येणार नव्हतं, आणि त्या इन्शाल्लाचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

जूनअखेर ते गेले. दुपारचं विमान होतं, वीस मिनिटं लेट. "बघा, विमानाला लाज म्हणून नसते," ते बोर्डाकडे बघत म्हणाले. त्यांची पांढरी गाडी मी घेतली होती. किल्लीबरोबर त्यांनी मला एक खोकं दिलं. त्यात सात भरलेल्या वह्या होत्या आणि आठवी कोरी, रकाने आखून तयार.

"गावी नेत नाही?"

"तिथे समोरच जाते गाडी. ही इथली आहे. इथेच राहू दे."

त्या शुक्रवारी मी वह्या चाळत बसले. पानंच्या पानं आकडे. रुवैस, झुरिक, धैद. शेऱ्याचा रकाना कोरा, कोरा, धुकं, कोरा. आणि मग आमच्या सहलीची तारीख दिसली म्हणून थांबले. झुरिक, दहा बत्तीस. नंबराच्या जागी फुली. शेऱ्यात, त्या निमुळत्या रकान्यात मावावं म्हणून बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नंबर दिसला नाही. पुढे आपली माणसं उभी होती. तिघं. मुलगी हात करते आहे."

म्हणजे त्यांनी आम्हाला बघितलं होतं! इथे साडेबारा वाजले होते, लंचची वेळ, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक पोपटी ठिपका आणि दोन माणसं. मी चाळीस फोटो दाखवत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते कधी बोलले नाहीत. सात वह्यांत माणसांचा उल्लेख तेवढा एकच. मी वही मिटून रडले. मुलीने विचारलं, "ममा, आर यू ओके?" मी म्हटलं, तू खरंच हात केला होतास का गं? तिला आठवत नव्हतं.

आता पाच बावन्नची गाडी मी चालवते. केरळचा इंजिनिअर एकदा त्रेपन्नला आला तर मी निघून गेले. त्याने फोन करून मला मल्याळममध्ये जे काही ऐकवलं ते मला कळलं नाही, पण समजलं.

परवाच्या शनिवारी मी टेकाडावर गेले होते. खुर्ची, थर्मास, आठवी वही. ती अजून कोरीच होती. मला धीरच होत नव्हता. हवा सुरेख होती, इकडच्या हिवाळ्यात असते तशी. मालगाडीची वाट बघत बसले आणि चारच्या सुमाराला लांबची रेघ हलली. पण ही खडीची गाडी नव्हती. रुपेरी होती, ठेंगणी, गुळगुळीत, आणि तिला खिडक्या होत्या. तिकीट अजून सुरू नाही. रिकामी गाडी चाचणीसाठी धावत होती. मी उठले. चहा वाळूत सांडला. हात वर केला, आणि ती सळसळत समोरून निघून गेली, जेमतेम दहा आकडे मोजावेत इतक्या वेळात. मग उंट, वाळू आणि मी.

तिथूनच त्यांना फोन लावला. पलीकडे कावळा ओरडत होता.

"गाडी गेली," मी म्हटलं. "प्रवासी. आत्ता. तुमच्या टेकाडासमोरून."

ते मग एकेक विचारायला लागले. वेळ? चार अठरा. दिशा? डोंगराकडे. नंबर? दिसला नाही. डबे? मोजताना चुकले. प्रत्येक उत्तराबरोबर माझी मलाच लाज वाटत होती. इतकी वर्षं थांबलेला माणूस, आणि त्याला सांगायला माझ्याकडे एक धड गोष्ट नव्हती.

"आणि एका खिडकीतून हात केला हो," मी म्हटलं. कसं तोंडातून गेलं कोण जाणे.

"तुम्ही माझ्याच जागी बसला होतात ना? टेकाडाच्या पश्चिमेला?"

"हो."

"चार वाजता तिथे ऊन सरळ काचांवर येतं, ताई. आतलं काही दिसत नाही. इंजिनातला ड्रायव्हर मला तीन हिवाळ्यांत एकदाही दिसला नाही."

चोरी पकडली गेल्यासारखी वही छातीशी धरून उभी होते. खोटं एका मिनिटाचंच असतं, असं आता ते म्हणणार याची वाट बघत होते.

"कितव्या डब्यातून?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"कोण होतं?"

"एक म्हातारे गृहस्थ होते," मी म्हटलं. "खिडकीशी बसले होते. मांडीवर कॅमेरा होता."

मग त्यांच्या मागे, बागेच्या बाजूने, गाडीची शिट्टी वाजली आणि ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"लिहा," ते म्हणाले. "शेऱ्यात लिहा."